खळगीतले बी

त्या मुलखात जे हवे ते टेकडीखालून येत असे. बिळाच्या तोंडाशी मागणे सांगायचे आणि रिकामे भांडे खाली सोडायचे. खालचे कामकरी कधी कुणाला दिसले नव्हते, पण भांडे भरून वर येई. काही अडले तर ते रिकामे येई, आणि बिळालगतच्या दगडाच्या खळगीत खालून एक बी येऊन पडे. चिंचोका असला तर साठा संपला, लाल गुंज असली तर वाट बुजली. खळगीत बी एकच मावे. नवे आले की जुने घरंगळून उतारावरच्या गवतात नाहीसे होई.

बी पाहून कारण सांगायचे काम झेली नावाच्या खारीकडे होते. झेली फार मायाळू.

एकदा तरंगी साळिंदरीण पिलांसाठी पाणी मागायला आली. भांडे कोरडेच वर आले, तशी ती मटकन खाली बसून रडू लागली. झेलीला ते पाहवेना. निदान पिलांच्या पोटात काहीतरी जावे म्हणून तिने घाईघाईने खाली कंद मागितले. तेही आले नाहीत. मग तिने खळगीकडे पाहिले. आत चिंचोका होता.

"संपलं गं," ती म्हणाली. "खाली काही उरलं नाही."

तरंगीने हे वस्तीत सांगितले. उन्हे कलायच्या आत साऱ्या साळिंदरांनी पिलांना पुढे घालून पलीकडच्या उजाड माळाची वाट धरली. त्या माळावरून कुणी परतल्याचे ऐकिवात नव्हते. झेली फांदीवरून त्यांच्याकडे पाहत होती, आणि एकाएकी तिच्या ध्यानात आले. चिंचोका कंदांसाठी होता. पाण्यासाठी काय आले होते?

ती धावत बिळाशी गेली. पुन्हा पाणी मागितले. भांडे रिकामे आले. या वेळी तिने इकडेतिकडे न बघता खळगीत डोकावले. आत गुंज होती.

माळाच्या कडेला तिने तरंगीला गाठले आणि पाणी संपले नाही, वाट बुजली आहे, असे सांगितले. सगळी साळिंदरे मागे फिरली, बिळाच्या बाजूची ढासळलेली माती उकरू लागली, आणि खालून पाण्याचा आवाज आला. पिले पाण्यावर तुटून पडली.

"सकाळी मग तसं का सांगितलंस?" तरंगीने विचारले.

"तुझ्याकडेच बघत राहिले," झेली म्हणाली. "तुझं उत्तर बघायचं राहून गेलं."

तरंगीने सरकून झेलीला पाण्यापाशी जागा करून दिली.

पुढे एका म्हाताऱ्या सशाचे भांडे रिकामे आले. तो कण्हत खाली बसला. झेलीने त्याच्याकडे पाहिले नाही. खळगीतले बी घरंगळायच्या आत उचलून तिने आधी गालात धरले. मगच ती त्याच्याजवळ गेली आणि तोंड घट्ट मिटून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.