पिटकूला हवा आईचा फोटो

एक होता पिटकू. उंदराचं पिल्लू, एवढंस्सं!
फोटोच्या दुकानात राहायचा.
आई दाणे आणायला जाई. पिटकू तिचा फोटो बघत बसे.
आज फोटो पाण्यात पडला. फोटोतली आई पुसून गेली.
घरात दाणा नाही. आई निघाली. पण पिटकू तिची शेपटीच सोडीना.
आता काय करावं बाई?

फळीवर होता जुना कॅमेरा. लगेच फोटो देणारा. "थांब हं आई!" पिटकूनं शेपटी सोडली.
पिटकू गेला. लुटूलुटू लुटूलुटू.

"कॅमेऱ्या, कॅमेऱ्या,
आई मला दिसेना.
फोटो दे ना!"

कॅमेरा म्हणाला, "बटण खाली गेलं, तर देईन."
पिटकू गेला. लुटूलुटू लुटूलुटू.

"बटणा, बटणा,
कॅमेरा फोटो देईना,
आई मला दिसेना.
खाली जा ना!"

बटण म्हणालं, "तू फार हलका रे. बेडकानं उडी मारली, तर जाईन."
पिटकू गेला. लुटूलुटू लुटूलुटू.

"बेडूकदादा, बेडूकदादा,
बटण खाली जाईना,
कॅमेरा फोटो देईना,
आई मला दिसेना.
उडी मार ना!"

बेडूक म्हणाला, "अंधारात कसला फोटो? ऊन आलं, तर मारीन."
पिटकू गेला. लुटूलुटू लुटूलुटू.

"उन्हा, उन्हा,
बेडूक उडी मारीना,
बटण खाली जाईना,
कॅमेरा फोटो देईना,
आई मला दिसेना.
आत ये ना!"

ऊन म्हणालं, "खिडकीवरचा पडदा खाली पडला, तर येईन."
पिटकू गेला. लुटूलुटू लुटूलुटू.

"पडद्या, पडद्या,
ऊन आत येईना,
बेडूक उडी मारीना,
बटण खाली जाईना,
कॅमेरा फोटो देईना,
आई मला दिसेना.
खाली पड ना!"

पडदा म्हणाला, "मला दोरीनं बांधलंय. दोरी तुटली, तर पडेन."

दोरी? पिटकू हसला. हे तर त्याचंच काम!

कुरतुड कुरतुड. दोरी तुटली.
धप्प. पडदा पडला.
ऊन आत आलं. आई कॅमेऱ्यासमोर उन्हात उभी राहिली.
टुणकन बेडूक उडाला.
खटक. बटण खाली गेलं.
कॅमेऱ्याच्या पोटात रूळ फिरले. गर्रर्र.
कागदावर फोटोचं औषध पसरलं. कागद बाहेर आला.

पण कागद पांढराफेक! त्यात आई नाहीच.
पिटकूनं कागद हलवला. फडफड फडफड.
"हलवू नकोस रे," कॅमेरा म्हणाला. "सावलीत ठेव. जरा थांब."
पिटकूनं कागद पोटाखाली घेतला.
थांबला. थांबला. थांबला.
मग हळूच पाहिलं.
आधी कान आले. मग मिशा आल्या. मग आली आख्खी आई!

खऱ्या आईनं विचारलं, "आता जाऊ का?"
पिटकूनं शेपटी सोडली.
"जा," म्हणाला.
आणि मुळ्ळीच रडला नाही.