कांबळ्याची वाट

एका राज्यात माती लाल होती, खडक लाल होते, सांजवेळी आभाळही लाल व्हायचं. पण लोकरीवर चढेल असा लाल रंग काही तिथे मिळत नसे. म्हणून तिथल्या विणकरणी परदेशी लाल वस्त्र घेत, त्याचा धागा न् धागा उसवत आणि तो आपल्या कांबळ्यात विणत. पांढरी लोकर मेंढ्यांची, निळा रंग निळीच्या रांजणातला आणि लाल असा उसवलेला. कांबळ्याला चहूबाजूंनी काळी चौकट असे. चौकटीच्या एका कोपऱ्यातून तिन्ही रंगांचा पीळ दिलेलं सूत आतून बाहेर काढलेलं असे. त्याला ‘वाट’ म्हणत. विणताना बाईचं मन कांबळ्यात उतरतं आणि काम सरलं की याच वाटेने घरी येतं. वाटच नसेल तर बिचारं येणार कुठून?

त्या राज्याचा राजा रणधवल. शूर होता, दानी होता. पण नजर अशी की ताटात भाताआधी खडा दिसायचा. त्याने आपल्या लेकीसाठी, इंदुलेखेसाठी, रेवलीकडून कांबळं विणून घेतलं. रेवली त्याच्या दाईची मुलगी. एकाच मांडीवर दोघं वाढली होती.

कांबळं दरबारात उलगडलं तेव्हा सगळे थक्क झाले. राजाने मात्र कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हा धागा चौकट ओलांडून गेला आहे.”

“महाराज, ती वाट आहे.”

“राजकन्येच्या वस्त्रात दोष नको. बुजव.”

“बुजवली तर मी आत राहीन.”

“विणकरांच्या गोष्टी विणकरांना सांग,” राजा म्हणाला.

राजा बोले, दळ हाले. रेवली तर एकटी बाई. तिने वाटेचं सूत ओढून काढलं. राजाने ते उचलून शेगडीत टाकलं. मग तिने काळ्या लोकरीने चौकट पुरी केली, शेवटचा धागा दाबला आणि तशीच बसून राहिली. डोळे उघडे, श्वास चालू, पण हाकेला ओ नाही. “ढोंग करते आहे,” राजा म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला जन्मभर बोचलं.

थंडी पडली. इंदुलेखेने ते कांबळं पांघरलं. त्याच्या उबेत तिचंही मन उतरलं आणि चौकटीत अडकलं. तीही उघड्या डोळ्यांनी निश्चल झाली. वैद्य झाले, मांत्रिक झाले; पोरीचा श्वास रोज थोडा थोडा कमीच होत गेला.

तेव्हा खिडकीत एक सुगरण पक्षीण येऊन बसली. त्या राज्यात सुगरणी बोलत असत. राजवाड्यात त्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, एवढंच.

“राजा,” ती म्हणाली, “मी मुठीएवढी, पण घरट्याला दार ठेवते.”

“चुकलो. कांबळं फाडू का?”

“फाडलंस तर दोघींची मनं फाटतील. नवी वाट घाल. ज्याने वाट जाळली, त्यानेच सूत करायचं. लोकर, निळा रंग, लाल धागा. सगळं तुझ्या हातचं.”

राजा एकटाच निघाला. पठारावर एक म्हातारा पांढरा मेंढा होता. हुकूम करणाऱ्याला तो शिंगावर घेई. राजाने हुकूम केला आणि उताणा पडला. उठून दुसरा केला, पुन्हा पडला. मग त्याने मुकुट काढून ठेवला, गुडघे टेकले आणि म्हणाला, “बाबा, माझी लेक आजारी आहे.” मेंढा निमूटपणे कातरीखाली आडवा झाला.

निळीचा रांजण डोंगरकपारीत एका चेटकिणीकडे होता. त्याची दुर्गंधी अशी की गिधाडंही लांबून वळत. “लोकर बुडव,” चेटकीण म्हणाली, “पण हातांना लागेल तो रंग परत निघायचा नाही.” राजाने अर्धी लोकर घेतली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

लाल वस्त्र साऱ्या राज्यात एकच उरलं होतं: राजाच्या वडिलांचा अभिषेकाचा शेला. त्यांच्या अंगाचा वास अजून त्याला होता. शेला मांडीवर घेऊन राजा उसवत गेला आणि रडत गेला.

आता कातायचं. उभ्या जन्मात त्याने टकळी धरली नव्हती. सूत झालं ते बारीक आणि गाठाळ.

“आणखी कात,” सुगरण म्हणाली. “वाट फार अरुंद झाली. लेकराचं मन हलकं, ते येईल. रेवलीचं भरलेलं मन आहे, त्यातलं काही मागे राहील.”

राजाने लेकीच्या नाकाशी आरसा धरला. त्यावर वाफ जेमतेम दिसत होती.

“वेळ नाही,” तो म्हणाला. कोणता बाप थांबला असता? मीही थांबलो नसतो.

त्याने दाभणाने काळी चौकट उकलली आणि सूत आतून बाहेर ओढलं. इंदुलेखेच्या पापण्या हलल्या.

“बाबा,” ती म्हणाली, “आत रेवलीआत्या आहे. तिने मला पुढे ढकललं.”

बऱ्याच वेळाने रेवलीने लांब श्वास घेतला. शाप सुटला. नगारे वाजले, साखर वाटली. राजाने रेवलीचे पाय धरले. तिने त्याला उठवलं. बाजूला पडलेला शेल्याचा उरलेला धागा तिने सवयीने हातात घेतला.

“महाराज, हा काळा ना?” तिने विचारलं.

तो लाल होता. रेवली आली होती, तिचे रंग कांबळ्यात राहिले होते. राजाने पुन्हा सूत कातलं, चांगलं जाड कातलं. पण बैल गेला आणि झोपा केला. रंग काही आले नाहीत.

पुढे सगळं रीतसर झालं. प्रत्येक कांबळ्याला वाट ठेवावी अशी दवंडी पिटली, आणि किल्ल्याच्या तटालाही राजाने एक दिंडी दरवाजा पाडला. दरबार उठला की तो रेवलीच्या मागापाशी येऊन बसे आणि एकेक धागा हातात देत सांगे, “हा लाल. हा पांढरा. हा निळा.” ती विणत जाई.

राजा आपले हात साऱ्या जगापासून उपरण्याखाली लपवी. रेवलीपुढे लपवण्याची गरज नव्हती. एके दिवशी ती म्हणाली, “लोक सांगतात, आपले हात निळे झाले आहेत. बघू.”

त्याने हात पुढे केले. तिने ते उजेडात धरून उलटसुलट पाहिले.

“मला राखाडी दिसतात,” ती म्हणाली. “निळा रंग मला फार आवडायचा.”

त्याने हात तसेच तिच्या हातात राहू दिले.

रेवलीला मिळाली ती वाट अरुंद होती. ऐकणाऱ्यांना रुंद मिळो.