बाहेर जाणारी तार

"म्हणजे दीक्षा याही वर्षी नाही?"

सारंग पेंडसेने हे विचारलं तेव्हा गंगारामबुवा मठाच्या ओट्यावर वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आपलं इंटरनेट कुठल्या तारेवरून बाहेर जातं रे?"

सारंगला हसू आलं. पुण्यात पंधरा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळलेला माणूस तो. बायको गेल्यावर सगळं सोडून दोन वर्षांपूर्वी या डोंगरावर आला, पण विद्येचा तोरा काही घरी ठेवून आला नव्हता.

"नव्या फायबरवरून. मीच जोडलंय, बुवा."

"मग पुष्पाताईंचा डॉक्टर अजून का अडकतो?"

मठाच्या दवाखान्यात दर गुरुवारी तालुक्याचे डॉक्टर पडद्यावरून रुग्ण तपासत. फायबर येऊनही त्यांचं बोलणं तुटायचं ते तुटतच होतं. सारंगने आजवर हवेला दोष दिला होता, कंपनीला दिला होता, दवाखाना सांभाळणाऱ्या पुष्पाताईंच्या टॅबलाही दिला होता.

"तार चांगली आहे," तो म्हणाला. "पेटीवरचा दिवा हिरवा आहे."

"दिवा म्हणजे तार जिवंत आहे, एवढंच. तिच्यावरून कोण जातंय, ते दिवा सांगतो?"

संन्यास घेण्याआधी बुवा वीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते, हे सारंग नेहमी विसरायचा.

आज गुरुवारच होता. दोघे दवाखान्याला लागून असलेल्या आतल्या खोलीत गेले. तिथे फळीवर फायरवॉल होती. मठातून बाहेर जाणारं सगळं या पेटीतून तपासून जायचं. पेटीत बाहेरच्या दोन तारा येत होत्या. निळी, नव्या फायबरची. आणि राखाडी, जुन्या टेलिफोनच्या लाइनची. शेजारचा काळा फोनही याच तारेवर चालायचा; ती काढली की फोनही बंद.

बुवांनी निळी तार धरली आणि सरळ उपटली.

सारंगने कान टवकारले... पलीकडे दवाखान्यात पडद्यावरचे डॉक्टर बोलतच होते. तसेच, अडकत अडकत.

त्याने लॅपटॉप उघडला आणि फायरवॉलमधली वाटांची यादी काढली. ज्या वाटेचा आकडा लहान, तिला पहिला मान, हा साधा नियम. नव्या तारेला दहा होता. जुनीला पाच. तो पाच त्याने स्वतःच दिला होता, मठात आल्याच्या पहिल्या दिवशी. फायबर येऊन वर्ष झालं तरी बदलायचं राहून गेलं होतं.

शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक.

त्याने निळी तार परत खोचली. आकडे बदलले. नव्या तारेला एक, जुनीला वीस. थोड्या वेळाने पलीकडून पुष्पाताईंचा आवाज आला, आज डॉक्टर अगदी समोर बसल्यासारखे दिसतायत म्हणून.

"आता या जुनीवरून कोण जातं?" बुवांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग काढ. वर्ष झालं सांगतोय, बंद कर म्हणून."

सारंगने हात पुढे केला. राखाडी तारेपर्यंत नेला...

"राहू द्या, बुवा. अडीअडचणीला असावी."

"मी काढतो."

बुवांची बोटं तारेवर गेली, आणि सारंगने त्यांचं मनगट धरलं. गुरूचं मनगट. आपण काय केलं ते त्याला कळलं, तरी हात सुटेना.

बुवा थांबले. पलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"तिच्याकडे हाच नंबर आहे," सारंग म्हणाला.

तिच्याकडे म्हणजे रेवतीकडे. त्याच्या मुलीकडे. साताऱ्याला मामाकडे तिला सोडून तो निघाला, तेव्हा ती दारापर्यंतही आली नव्हती. सतरा वर्षांची होती. वाटलं तर फोन कर, असं म्हणून त्याने टेबलावर नंबराची चिठ्ठी ठेवली होती. तिला अजून तसं वाटलं नव्हतं. रोज सकाळी स्नान झालं की तो या खोलीत यायचा, रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते ऐकायचा, आणि मग ध्यानाला बसायचा. ध्यानात त्याला फोनची घंटा ऐकू यायची. डोळे उघडले की काही नसायचं. मुलीची आठवण त्याला फार यायची. दोन वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बुवांनी तार सोडली. मग सारंगनेही मनगट सोडलं.

"किती वेळा वाजला?"

"एकदाही नाही."

"आणि तू रोज बघतोस."

"रोज."

बुवांनी रिसीव्हर उचलला. कानाला लावला. लाइनचा तो एकसुरी आवाज ते बराच वेळ ऐकत राहिले, पूर्वी खांबावर चढून ऐकत असतील तसे... मग रिसीव्हर त्यांनी सारंगच्या हातात दिला.

"चालू आहे," ते म्हणाले, आणि वाल सोलायला निघाले. दाराशी जाऊन थांबले.

"हिच्यावरून फोन बाहेरही जातो ना रे?"