किल्लेदाराचा हात

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा संस्थानात सुभानराव नावाचा किल्लेदार होता. त्याचं सहा बारांचं विलायती पिस्तूल नदीच्या पुरात वाहून गेलं. तेव्हा त्याने हुसेनभाई शिकलगारांकडून तस्संच दुसरं करून घेतलं. हुसेनभाई हत्यारांचे जुने, नावाजलेले कारागीर होते.

पहिल्याच दिवशी सुभानराव परत आला. “गोळी वर जाते,” म्हणाला.

तक्रार खरी होती. नेम धरायची नळीवरची माशी बुटकी झाली होती. हुसेनभाईंनी चूक कबूल केली आणि उंच माशी बसवून दिली.

चार दिवसांनी सुभानराव पुन्हा दारात उभा. “आता गोळी खाली जाते. कधी डावीकडेही जाते.”

“दारू किती भरली होती?”

“भरली होती अंदाजाने.”

“आणि गोळी मी दिलेलीच ना?”

“ती संपली. दुसरी घातली. आणि ही माशी मी थोडी कानशीने घासली.”

हुसेनभाईंनी कपाळाला हात लावला. “किल्लेदारसाहेब, एका वेळी तीन गोष्टी बदलल्यात. आता बिघडलं कशाने, हे मी कुणाला विचारू? एकच माप, एकच गोळी ठेवा. दहा बार काढा आणि मग या.”

सुभानराव मान डोलावून गेला. पुढच्या आठवड्यात आला तो माशी पुन्हा घासून. हुसेनभाईंनी निमूटपणे तिसरी बसवली. घरात मात्र त्या दिवशी ते कुणाशी धड बोलले नाहीत.

शेवटी सुभानरावाने राजाकडे गाऱ्हाणं नेलं. राजाने दोघांना मैदानावर बोलावलं. “पिस्तुलात खोट निघाली, तर हुसेनभाईंचं दुकान बंद,” असं त्याने बजावलं.

वीस पावलांवर मडकं ठेवलं गेलं. हुसेनभाईंनी स्वतः पिस्तूल भरलं. दारू-गोळी भरायच्या सहा घरांपैकी एक त्यांनी मुद्दाम रिकामं ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

सुभानरावाचा पहिला बार चुकला. दुसराही चुकला. काळ्या दारूचा दाट धूर सगळीकडे पसरला. तिसऱ्या वेळी घोडा नुसता खट्‌कन आपटला. बार उडालाच नाही, तरी पिस्तुलाचं तोंड वीतभर खाली गेलं.

सुभानरावाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आवाजाच्या धास्तीने त्याचा हात आधीच झटकत होता. इतके दिवस तो झटका बाराच्या धक्क्यात लपून जात होता.

धुरापलीकडून राजाने विचारलं, “काय झालं? बार का उडाला नाही?”

राजाला काहीच दिसलं नव्हतं. पिस्तूल भिकार आहे, एवढं म्हटलं की सुभानराव सुटत होता.  हुसेनभाई आता काहीही बोलले असते, तरी सबबच वाटली असती.

सुभानरावाने पिस्तुलाची घरं पाहिली; तिसरं भरलेलंच नव्हतं. पिस्तूल खाली करून तो म्हणाला, “पिस्तूल ठीक आहे, महाराज. हुसेनभाईंनी एक घर रिकामं ठेवलं होतं, म्हणून मला कळलं. माझाच हात झटकतो. मी यांना उगाच दोष दिला.”

 राजा म्हणाला, “दुकान चालू राहील. किल्लेदार, तुम्ही रोज यांच्यासमोर सराव करायचा.”

परतताना सुभानराव हलकेच म्हणाला, “हुसेनभाई, राग गेला ना?”

“नाही गेला,” हुसेनभाई म्हणाले. “जाईल हळूहळू. उद्या सकाळी या. आणि येताना ती कानस घरी ठेवून या.”

तात्पर्य: हत्याराला नावं ठेवण्याआधी आपला हात तपासावा, आणि चूक आपलीच निघाली, तर कुणी पाहिलेलं नसतानाही ती कबूल करावी.