बॅकअपचा पासवर्ड

एकदा एक हुशार मुलगी होती, आणि हुशार माणसांचे जे होते तेच तिचे झाले. वृंदा भोईटे तिचे नाव. तालुक्याच्या रक्तपेढीत ती संगणकाचे काम पाहत असे. कोणती पिशवी कुणी दिली, कोणती तपासून झाली, या साऱ्या नोंदी एका सर्व्हरवर होत्या आणि वृंदा रोज न चुकता त्यांचा बॅकअप घेई. तिचे वरिष्ठ खटावकर सर चैत्रात निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा तिलाच मिळावी असे सर्वांना वाटे, पण विश्वस्तांची अट होती: संगणक प्रणाली अभियंत्याचे व्यावसायिक प्रमाणपत्र हवे. नसेल तर बाहेरचा माणूस येईल.

लेखी परीक्षा तिने हां हां म्हणता पार केली. उरला एक फॉर्म. त्यावर जबाबदार साक्षीदाराने लिहून द्यायचे होते, की उमेदवाराने बंद पडलेली यंत्रणा बॅकअपवरून पुन्हा उभी केली, हे मी स्वतः पाहिले आहे. असले फॉर्म आपल्याकडे चहा पिता पिता भरले जातात. तुम्ही-आम्हीही भरले आहेत, उगीच नाही म्हणू नका.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी वृंदाने तो फॉर्म सरांपुढे ठेवला. सर उठले, सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. म्हणाले, आतले यंत्र जळाले असे समज; हा कोरा संगणक घे, कालच्या नोंदी यावर आणून दाखव, मग सही करतो.

वृंदा हसतच बसली. बॅकअपची डिस्क जोडली, तर डिस्कने पासवर्ड मागितला. तो चांगला चाळीस अक्षरांचा, कुणाच्या बापाला आठवणार नाही असा. म्हणून तो एका फाईलमध्ये जपून ठेवला होता, आणि ती फाईल होती कुलूपबंद खोलीतल्या सर्व्हरवर! रोज बॅकअप घेताना सर्व्हर आपणहून तो लावून घेई, त्यामुळे इतक्या वर्षांत तो कुणाला शोधावाच लागला नव्हता.

दोन मिनिटे दार उघडा, म्हणून तिने परोपरीने विनवले. सर हलले नाहीत. पाच वाजले, मुदत टळली, आणि वृंदाला रडू कोसळले. चार वर्षे ज्यांना बापाच्या जागी मानले, त्यांनीच पाय ओढले असे तिला वाटले.

तेव्हा सरांनी भिंतीवरचे स्वतःचे प्रमाणपत्र उतरवले आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. हे आता कशासाठी, असे तिने डोळे पुसत विचारले.

"पोरी, ती फाईल तिथे मीच ठेवली, अकरा वर्षांपूर्वी," सर म्हणाले. "आज तुझ्याबरोबरच मला ते कळलं. माझ्या फॉर्मवरही हीच ओळ होती. तेव्हाच्या माझ्या साहेबांनी न पाहताच सही केली, मायेनंच केली. आजवर निभावलं, ते नशिबानं. पण ही खोली खरंच जळाली असती आणि दारात एखाद्या बाळंतिणीचा नवरा उभा राहिला असता, तर कोणती पिशवी तपासलेली आहे हे आपल्याला सांगता आलं नसतं. तू मला लेकीसारखी आहेस. डोळे झाकून सही करावी असं माझ्याही मनात आलं होतं. लेकीसारखी आहेस म्हणूनच केली नाही."

त्याच संध्याकाळी सरांनी विश्वस्तांना कळवले, की चूक माझी आहे, मुलीची नव्हे. फॉर्मची पुढची मुदत येईपर्यंत मला सहा महिने अधिक राबवून घ्या, पण तिची जागा धरून ठेवा. विश्वस्तांनी कुरकुर केली आणि मानलेही. पासवर्ड कागदावर उतरून दुसऱ्या इमारतीत गेला. मग दर महिन्याला दोघे खोलीला कुलूप घालत आणि कोऱ्या संगणकावर सारे पुन्हा उभे करत. पहिल्या खेपेला अख्खा दिवस गेला, वर भांडण झाले ते वेगळेच. सहाव्या खेपेला पाऊण तास पुरला.

सरांनी तिच्या फॉर्मवर सही केली. मग खिशातून दुसरा फॉर्म काढून तिच्यापुढे सरकवला. त्यावर त्यांचेच नाव होते. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. आता याचा काय उपयोग, असे वृंदाने विचारले.

"उपयोग काही नाही गं," सर ओशाळे हसले, "पण आता मला ते येतं. तू पाहिलंस ना?"

वृंदाने ती ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि खाली सही केली.