देहाला आत पाठवा

"आणि डॉक्टरांनी विचारलं, थकवा कधीपासून आहे, तर काय सांगाल?"

"तुझं प्रवचन सुरू झाल्यापासून."

गुरूंचं हे उत्तर त्र्यंबकाला मुळीच पसंत पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरंजनबुवांना शहरात, रक्ताच्या आजारांच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. अंगावर आपसूक निळे डाग उठत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि चिठ्ठी लिहून दिली.

बुवा निघायला एका पायावर तयार होते. अडचण होती ती त्र्यंबकाची. मठातला तो सगळ्यांत विद्वान शिष्य. 'देह म्हणजे जुनं वस्त्र' हा त्याचा हातखंडा विषय. मागच्या एकादशीला भरसभेत तो सांगून बसला होता, की बुवांच्या हातावरचे निळे डाग म्हणजे साक्षात श्यामसुंदराच्या बोटांचे ठसे. तेव्हापासून बायका त्या डागांवर तुळस वाहत होत्या.

"बुवा, डॉक्टरांसमोर नीट बोलायला हवं. मठाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मग तूच दाखव कसं बोलायचं. तू बुवा हो, मी डॉक्टर होतो."

बुवा आसनावरून उठले आणि खाली सतरंजीवर बसले. त्र्यंबक नको नको म्हणाला... आणि आसनावर बसला. मांडी अशी झटकन जमली, की जणू मनातल्या मनात कैक वर्षं सराव चालला होता.

"हं. काय होतंय?" बुवांनी विचारलं.

"होतंय ते देहाला. मला काही होत नाही."

"बरं. मग देहाला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा."

त्र्यंबकानं घसा खाकरला. "पुढचा प्रश्न."

"हे डाग कशाचे?"

"प्रभूचा स्पर्श."

"आणि हिरड्यांतून रक्त येतं ते? प्रभू दातही घासून देतो का?"

"बुवा!"

"डॉक्टर म्हणा. औषध काय घेता?"

"नामस्मरण."

"आणखी?"

त्र्यंबकानं मांडी बदलली.

"आणखी?"

"बाकी काही नाही."

बुवांनी कोनाड्यात हात घालून एक पुडी काढली. राखाडी भस्माची. एका जुन्या पोथीत वाचून त्र्यंबकानंच ते भस्म केलं होतं. बुवांना उदंड आयुष्य लाभावं म्हणून. रोज सकाळी मधात कालवून तो स्वतःच्या बोटानं ते बुवांना चाटवायचा.

"ही सांगायची नाही?"

आसनावर बसल्या बसल्या त्र्यंबकाचा चेहरा उतरला.

"बुवा... ते म्हणाले, याच पुडीनं झालं, तर?"

"तर कळेल."

"मग मी काय करू?"

बुवांनी पुडी त्याच्या तळहातावर ठेवली.

"तूर्तास आसनावरून ऊठ. माझी कंबर धरली."

दुसऱ्या दिवशी एसटीत बुवा खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. दवाखान्यात शेजारच्या बाईंकडून त्यांनी मेथीच्या लोणच्याची कृती विचारून घेतली. त्र्यंबक मात्र पुडी मुठीत घट्ट धरून बसला होता. ओठ सुकले होते, सदरा पाठीला चिकटला होता.

नाव पुकारलं. दोघं आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच त्र्यंबकानं पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही मी यांना देत होतो. रोज. कुणालाही न विचारता. आणि ते डाग... ते देवाचे बिवाचे नाहीत. ती आवई मीच उठवली."



बाईंनी पुडी उघडली, हुंगली, बाजूला ठेवली.

"हे आजपासून बंद. यात काय आहे ते तपासून घेऊ. यानंच झालं की आणखी कशानं, ते तपासण्या झाल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण आणलंत हे फार बरं केलंत."

मग त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा उलगडला आणि बुवांकडे वळल्या.

"आजोबा, हात पुढे करा."

बुवांनी त्र्यंबकाचं मनगट धरलं. ते लटपटत होतं. त्यांनी ते हळूच बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं...

"आधी याला बघा. मला घाई नाही."