ब्रेकवरचा पापड

"पण माझ्यात कमी काय हाय, येवढं तरी सांगा उस्ताद."

घाटमाथ्यावरच्या टपरीसमोर बसलेल्या बाबालाल उस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली आणि ते समोरच्या दरीकडे पाहत राहिले.

महिपतीने हा प्रश्न चौथ्यांदा विचारला होता, कारण परीक्षाही चौथी होती. साखरेची पोती घेऊन घाट उतरून कोकणात जाणारे ट्रक त्यांचा मालक कुणाच्याही हाती देत नसे. उस्ताद शेजारी बसून एकदा घाट उतरणार आणि ते हो म्हणाले तरच ती गाडी मिळणार, असा तिथला रिवाज होता. चाळीस वर्षं उस्तादांनी हाच घाट उतरला होता. आता त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण शब्द अजून त्यांचाच चाले.

महिपती काही नवशिका नव्हता. अकरा वर्षं त्याने बंगळूरच्या हमरस्त्यावर ट्रक पळवला होता, आणि ही गोष्ट तो समोरच्याने विचारायच्या आधीच सांगून टाकायचा. त्याची बायको मात्र घाटाच्या पायथ्याच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स होती. हमरस्त्यावरून तो तीन-तीन आठवड्यांनी घरी यायचा. मागच्या खेपेला दहा महिन्यांच्या लेकीने त्याला पाहिलं आणि भोकाड पसरून आईच्या कुशीत तोंड लपवलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. घाटाची गाडी मिळाली तर दिवसाआड तरी घरी जेवता येणार होतं.

पण तिन्ही वेळा एकच झालं. खाली पोचल्यावर उस्ताद उतरायचे, चाकाशी वाकायचे, ब्रेकच्या लोखंडी ड्रमला बोट लावायचे आणि झटकन मागे घ्यायचे. मग बोट चोळत, वर जाणाऱ्या एसटीला हात करून निघून जायचे. ना हो, ना नाही.

"गाडी येळेत उतरवली. कुठं घासली न्हाई," महिपती म्हणाला. "आणि ब्रेकवरचा माझा पाय... पेल्यातलं पाणी हलत न्हाई, उस्ताद."

टपरीवाल्या बाईंकडून उस्तादांनी एक भाजलेला पापड मागून घेतला, आणि पुडी बांधायचा हातभर दोरा.

म्हातारा आता निवांत खात बसणार, असं महिपतीला वाटलं. उस्ताद पापड घेऊन उठले, केबिनमध्ये चढले, आणि वाकून तो अख्खा पापड त्यांनी ब्रेकच्या पेडलवर ठेवला. वरून दोऱ्याचा एक वेढा दिला.

"चल," ते म्हणाले.

महिपती पापडाकडे पाहतच राहिला. अकरा वर्षांत असली पूजा त्याने पाहिली नव्हती.

"आणि ब्रेक लागलाच तर?"

"तर दाब की."

...

महिपती इंजिन चालू करून नुसताच बसून राहिला. एरवी तो इथून जो सुटायचा तो चौथ्या गियरात पोचायचा, आणि पुढे वळणावळणाला ब्रेक दाबत जायचा. आता उजवा पाय कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. पायाने गाडी धरायची नाही, तर धरायची कशाने?

मग त्याला आठवलं, कोकणातून माल भरून येणारी गाडी हाच घाट चढायची तर दुसऱ्या गियरशिवाय हलायची नाही. चढताना जो गियर ओढतो, तो उतरताना धरणारही नाही का? त्याने दुसरा गियर टाकला. उतार सुरू व्हायच्या आधी गियर ठरवायची त्याची ही पहिलीच वेळ.

गाडी उताराला लागली आणि इंजिन गुरगुरायला लागलं. महिपतीने दोन्ही पाय मागे घेतले. मागून पंधरा टनांची पोती रेटत होती, आणि उताराला बैलांचा कासरा ओढून धरावा तसं इंजिन त्यांना धरून होतं.

वेग मात्र गोगलगायीचा. मागून आलेली एसटी हॉर्न वाजवत पुढे गेली. एका जीपवाल्याने तर जाता जाता विचारलं की ही वरात कुणाची. महिपतीचे कान तापले. तिसरा टाकावा म्हणून हात गियरकडे गेला, पण पापडाकडे नजर गेली आणि हात परत आला.

सात-आठ वळणं गेली. मग त्याच्या लक्षात आलं की आज मांडी दुखत नाही. ब्रेक करपल्याचा वासही नाही, ज्याला तो इतके दिवस घाटाचाच वास समजत होता. खाली झाडीतून त्याच्या गावाची कौलं दिसत होती. दवाखान्याचा पत्राही दिसला. इतक्यांदा या घाटातून गेलो आणि हे पाहिलंच नाही, याचं त्याला हसू आलं. त्याला मनापासून बरं वाटत होतं.

पुढच्या वळणाआड म्हशी होत्या. दहा-बारा उभ्या, आणि एक रस्त्यात आडवी बसलेली.

महिपतीने ब्रेक दाबला.

कर्रकन आवाज झाला. गाडी जागच्या जागी थांबली, म्हशीपासून दोन हातांवर. म्हशीने मान वळवून पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला.

महिपतीने खाली पाहिलं. पेडलवर नुसता चुरा होता.

गुराख्याने म्हशी हाकल्या. उरलेला घाट महिपती उतरला, त्याच दुसऱ्या गियरात. चौथ्यांदाही गेलं... लेकीचं रडवेलं तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. उस्ताद खिडकीतून करवंदीच्या जाळ्या बघत होते.

पायथ्याला गाडी उभी राहिली. उस्ताद गुडघ्यांना हात देत उतरले, चाकाशी वाकले आणि त्यांनी ड्रमला बोट लावलं.

बोट मागे आलं नाही.

मग त्यांनी अख्खा तळवा ठेवला, आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. वर जाणारी एसटी समोरून निघून गेली. त्यांनी तिला हात केला नाही.

महिपतीनेही जवळ जाऊन हळूच हात लावला. ड्रम कोमट होता.

तरी त्याच्याने राहवेना. मान खाली घालून तो म्हणाला, "पण उस्ताद... पापड मोडला."

"मोडायलाच ठिवला हुता," उस्ताद म्हणाले. "उद्या गाडी न्यायला येताना दुसरा आण."